तर्कालाही शेवटचा शब्द न देणारी प्रज्ञा

आपल्या सार्वजनिक चर्चेत बुद्धांचा दाखला बहुतेक वेळा दोन वाक्यांच्या आधारे दिला जातो. पहिले वाक्य ‘अत्त दीप भव’, म्हणजे स्वतःच स्वतःचा दीप हो. दुसरे कालामांना केलेल्या उपदेशाचे सार म्हणून सांगितले जाते: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नका, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच स्वीकारा. या दोन वाक्यांवरून बुद्ध म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचे बुद्धिवादी आणि त्यांची प्रज्ञा म्हणजे आजची चिकित्सक बुद्धी, असे समीकरण आपण मांडून टाकले आहे. ते सद्‌हेतूने मांडले गेले आणि अंधश्रद्धेशी झगडणाऱ्यांना त्याचा उपयोगही झाला, हे मान्य करायला हवे. तरीही ते अपुरे आहे, आणि त्यापायी या शिकवणीतला सर्वांत अवघड भाग आपल्या हातून निसटतो, असे माझे म्हणणे आहे. पाली निकायांतली, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहांतली, प्रज्ञा तर्काचा उपयोग करते, पण तर्कापाशी थांबत नाही; जाणलेल्या गोष्टीने माणसाच्या लोभात आणि द्वेषात फरक पडेपर्यंत ते जाणणे पुरे झाले, असे ती मानतच नाही.

प्रथम कालामांकडे पाहू. अंगुत्तरनिकायातले हे सुत्त, म्हणजे उपदेशाचा प्रसंग, कोसल देशातल्या केसपुत्त या नगरात घडते. तिथले रहिवासी असलेले कालाम तक्रार करतात की अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, आपापल्या मताची वाखाणणी करतात, दुसऱ्यांच्या मतांची निंदा करतात, आणि त्यांतला खरा कोण हे आम्हाला कळत नाही. बुद्ध त्यांना सांगतात की तुम्हाला शंका येणे योग्यच आहे, आणि मग केवळ ज्यांच्यावर विसंबून निर्णय करू नये असे दहा आधार सांगतात. त्यांतले पहिले चार ऐकीव आणि पारंपरिक ज्ञानाचे आहेत: कानांवर आलेली गोष्ट, परंपरा, वदंता आणि पाठ केलेला ग्रंथसंग्रह. शेवटचे दोन बोलणाऱ्या व्यक्तीविषयी आहेत: तो योग्य वाटतो, किंवा तो आमचा गुरू आहे. दाखला देताना सहसा या सहांचाच उल्लेख होतो. मधले चार आधार मात्र तर्क, अनुमान, लक्षणांवरून केलेला विचार आणि विचारांती एखादे मत पटणे असे आहेत. म्हणजे ‘माझ्या बुद्धीला पटले’ हा आधार या सुत्ताने अंतिम प्रमाण म्हणून स्वीकारलेला नाही. उलट अपुऱ्या आधारांच्या यादीतच घातला आहे. या सुत्ताच्या नावाने फिरणारे वाक्य सुत्ताच्या आशयाला जवळजवळ उलटे करते.

मग कसोटी कोणती? बुद्ध कालामांना कोणताही सिद्धांत देत नाहीत. ते विचारतात: माणसाच्या मनात लोभ उपजतो तो त्याच्या हितासाठी की अहितासाठी? कालाम म्हणतात, अहितासाठी. लोभाने ग्रासलेला माणूस जीव घेतो, न दिलेले उचलतो, परस्त्रीकडे जातो, खोटे बोलतो आणि दुसऱ्यालाही तसेच करायला लावतो, हे खरे ना? खरे आहे. हेच प्रश्न द्वेष आणि मोह यांच्याविषयी येतात. त्यानंतरच बुद्ध म्हणतात की अमुक गोष्टी अकुशल आहेत, सदोष आहेत, जाणत्यांनी निंदिलेल्या आहेत आणि आचरल्या असता अहिताकडे नेतात, असे तुम्ही स्वतः जाणाल तेव्हा त्या सोडा. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे कसोटीत ‘जाणत्यांचे’ मत आहे. प्रत्येकाने एकट्याने बसून आपापले सत्य ठरवावे असा परवाना इथे दिलेला नाही. दुसरी अशी की जे तपासायचे ते विश्वाची रचना किंवा परलोक यांविषयीचे मत नव्हे. परलोक असो वा नसो, वैरमुक्त मनाने जगणाऱ्याला दोन्ही परिस्थितींत दिलासा आहे, असे याच सुत्ताच्या शेवटी सांगून तो प्रश्न उघडा सोडला आहे. तपासायचे आहे ते कृत्य, त्यामागची प्रेरणा आणि त्याचा परिणाम.

‘अत्त दीप भव’चेही असेच झाले आहे. महापरिनिब्बानसुत्तात, वेसालीजवळच्या बेलुव गावी शेवटच्या वर्षावासात आजारातून उठलेले बुद्ध आपला शिष्य आनंद याला जे सांगतात, त्यात ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा’ याला लागूनच ‘धम्मदीपा धम्मसरणा’ असे शब्द येतात. स्वतःला आधार कसे करायचे याचे स्पष्टीकरणही लगेच दिले आहे: भिक्षूने काया, वेदना, चित्त आणि धर्म यांचे सतत, सजगपणे निरीक्षण करीत राहावे. स्वावलंबन म्हणजे काय, तर स्वतःला तपासण्याचा दीर्घ सराव. हा भाग वगळला की उरते ते आत्मविश्वासाचे घोषवाक्य, आणि तसे ते कोणाच्याही तोंडी शोभते.

तर्काच्या मर्यादेची सर्वांत नेमकी मांडणी मज्झिमनिकायातल्या चंकीसुत्तात आहे. ओपासाद नावाच्या ब्राह्मणग्रामात 16 वर्षांचा कापठिक नावाचा वेदपारंगत तरुण बुद्धांना विचारतो की परंपरेने आलेल्या मंत्रांविषयी ब्राह्मण ‘हेच सत्य, बाकी सर्व फोल’ असा निष्कर्ष काढतात, त्यावर आपले काय म्हणणे आहे? ‘मी हे जाणतो, मी हे पाहतो’ असे म्हणणारा एक तरी आज किंवा मागच्या सात पिढ्यांत झाला का, असा उलटा प्रश्न बुद्ध विचारतात, आणि नकारार्थी उत्तर आल्यावर एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची प्रसिद्ध उपमा देतात. इथपर्यंत हे परंपरेचे खंडन आहे, आणि आपल्याला ते आवडतेही. पुढचा भाग मात्र आपल्यावरही येतो. श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, लक्षणांचा विचार आणि विचारांती पटलेले मत या पाचही गोष्टींची फळे दोन प्रकारची असतात, असे बुद्ध सांगतात: ज्यावर पूर्ण श्रद्धा बसली ते पोकळ निघू शकते आणि जिच्यावर बसली नाही ती गोष्ट खरी निघू शकते, जे उत्तम रीतीने विचारात घेतले तेही खोटे ठरू शकते. भक्ताची श्रद्धा आणि तार्किकाचा निष्कर्ष यांना एका रांगेत बसवणारे असे वाक्य कोणत्याही काळात धाडसाचेच म्हणावे लागेल.

या निदानातून बुद्ध संशयवादाकडे जात नाहीत. ते प्रथम ‘सत्याचे रक्षण’ सांगतात: ज्याची श्रद्धा आहे त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ असे म्हणावे, ज्याला विचारांती पटले आहे त्याने ‘मला असे पटले आहे’ असे म्हणावे, आणि दोघांनीही ‘हेच खरे, बाकी खोटे’ इथवर उडी मारू नये. आपल्या वादविवादांत एवढी एकच शिस्त आली तरी निम्मे वाद निवळतील, असे मला वाटते. पण सुत्ताच्या दृष्टीने ही फक्त पहिली पायरी आहे. तिच्यानंतर सत्याचा बोध आणि त्याही पुढे सत्याची प्राप्ती. बोधाची वाट गुरूच्या परीक्षेपासून सुरू होते. ज्याच्या पोटी लोभ, द्वेष, मोह आहेत तो माहीत नसताना ‘मला माहीत आहे’ म्हणेल का, याची खात्री करून घ्यायची. मग ऐकायचे, धारण करायचे, अर्थ तपासायचा, तोलायचा आणि प्रयत्नाला लागायचे. या प्रवासात तर्काला मानाची जागा आहे, पण ती मधल्या मुक्कामाची आहे. प्राप्तीसाठी त्याच गोष्टींचा पुनःपुन्हा सराव सांगितला आहे.

हा सराव ज्ञानाच्या बाहेरचा, ज्ञान झाल्यानंतर करायचा उपयोजनाचा भाग आहे, असे आपल्याला वाटते. कारण जाणणे वेगळे आणि करणे वेगळे ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. ती विभागणी बुद्धांच्या पहिल्याच उपदेशात मोडलेली दिसते. वाराणसीजवळच्या इसिपतनात पाच भिक्षूंपुढे चार आर्यसत्ये सांगताना प्रत्येक सत्याविषयी तीन गोष्टी येतात: हे दुःख आहे, हे दुःख पूर्णपणे ओळखायला हवे, ते पूर्णपणे ओळखले आहे. दुःखाचे कारण सोडायचे आहे, निरोध म्हणजे दुःखाचा अंत प्रत्यक्ष करायचा आहे, मार्गाची भावना म्हणजे जोपासना करायची आहे, आणि यांपैकी प्रत्येक काम झाले असल्याचे जाणणे हा ज्ञानाचाच तिसरा घटक आहे. चार सत्ये आणि तीन फेरे मिळून 12 आकार होतात, आणि या 12 आकारांतले आपले ज्ञान शुद्ध झाले नव्हते तोवर आपण संबोधी मिळाल्याचे जाहीर केले नाही, असे बुद्ध तिथे म्हणतात. केवळ ‘तृष्णा हे दुःखाचे कारण आहे’ हे समजणे म्हणजे 12 मधला एक आकार. परीक्षेत हे वाक्य लिहून पूर्ण गुण मिळतील. या मोजमापात मात्र अकरा आकार बाकीच राहतात. बुद्धांचे अग्रशिष्य सारिपुत्त यांनाही महाकोट्ठित या भिक्षूंनी प्रज्ञेचे प्रयोजन विचारले तेव्हा त्यांनी तीन सांगितली: साक्षात जाणणे, पूर्ण ओळखणे आणि सोडणे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुर्वर्तनी माणूस उत्तम गणिती असू शकतो, क्रूर माणसाला वैद्यकाचे अचूक ज्ञान असू शकते. मग ज्ञानाला शीलाची अट घालणे म्हणजे शब्दाची व्याख्या सोयीने बदलणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर प्रज्ञेचे क्षेत्र मर्यादित करूनच देता येते. कोसंबीच्या शिंशपावनात बुद्धांनी मूठभर पाने हातात घेऊन विचारले की ही जास्त की वनातली जास्त. आणि सांगितले की जाणलेले पुष्कळ आहे, सांगितलेले थोडे, आणि जे सांगितले ते दुःख व त्याचा निरोध यांच्याशी निगडित आहे. (बुद्धांनी अणुरचनेपासून सगळे आधुनिक विज्ञान आधीच सांगून ठेवले होते असे म्हणणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचावे.) म्हणजे दुर्वर्तनी माणसाला गणित येणार नाही असा दावा इथे नाही. दावा एवढाच आहे की तृष्णा, द्वेष आणि त्यांतून उपजणारे दुःख या क्षेत्रात पाहणाऱ्याच्या मनाची स्थिती पाहण्यावर परिणाम करते.

तसा परिणाम का व्हावा, याचे कारणही दिलेले आहे. संगारव नावाचा ब्राह्मण विचारतो की दीर्घकाळ पाठ केलेले मंत्रसुद्धा कधीकधी आठवत नाहीत, आणि कधी पाठ न केलेलेही सुचतात, असे का होते? उत्तरात बुद्ध पाण्याने भरलेल्या भांड्याचा दाखला देतात. पाण्यात रंग मिसळला असेल, ते उकळत असेल, त्यावर शेवाळ साचले असेल, वाऱ्याने हलत असेल किंवा गढूळ होऊन अंधारात ठेवले असेल, तर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही त्यात आपला चेहरा जसा आहे तसा दिसणार नाही. कामवासना, द्वेष, आळस, अस्वस्थता आणि शंका ही ती पाच आवरणे. यांतला महत्त्वाचा भाग असा की आवरण असलेला माणूस आपले हित जाणत नाही, दुसऱ्याचे जाणत नाही आणि उभयतांचेही जाणत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. रागावलेल्या माणसाला आपण रागामुळे चूक पाहतो आहोत हे त्या क्षणी तर्काने सिद्ध करून दाखवता येत नाही, कारण त्याचा तर्क रागाच्याच बाजूने कामाला लागलेला असतो. बुद्धिवादाची उणीव नेमकी इथे आहे: तो युक्तिवादाची तपासणी करतो, युक्तिवाद करणाऱ्याची करीत नाही. शील आणि समाधी यांना प्रज्ञेच्या बरोबरीने ठेवण्यामागे हे ज्ञानशास्त्रीय कारण आहे, केवळ सदाचाराचा उपदेश नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच प्रचलित आहे. अनुभवच खरा, वाचन-अभ्यास व्यर्थ, डोळे मिटून बसले की सगळे कळते, असे सांगणाऱ्यांना निकायांचा आधार मिळणार नाही. ज्याने थोडे ऐकले आहे तो बैलासारखा वाढतो, त्याचे मांस वाढते, प्रज्ञा वाढत नाही, हे धम्मपदातलेच वचन आहे. आणि पुष्कळ संहिता बोलून तसे न वागणारा दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गवळ्यासारखा आहे, हेही धम्मपदातलेच. महाचुंद या भिक्षूंच्या एका सुत्तात धर्माच्या अभ्यासाला वाहिलेले भिक्षू आणि ध्यान करणारे भिक्षू एकमेकांची टवाळी करताना दिसतात, आणि महाचुंद दोघांनाही सांगतात की यात कोणाचेच हित नाही, एकमेकांची स्तुती करायला शिका, कारण दोन्ही प्रकारची माणसे दुर्मीळ आहेत. आनंदाचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. त्याच्याइतके कोणी ऐकले नव्हते, कोणी लक्षात ठेवले नव्हते. तरी राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या, म्हणजे बुद्धवचने संकलित करणाऱ्या सभेच्या, आदल्या रात्रीपर्यंत तो अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झालेला नव्हता. पण त्याच्या स्मरणावाचून ती संगीती झालीही नसती.

जाणणे आणि प्राप्त करणे या दोहोंतले अंतर सर्वांत प्रामाणिकपणे सांगितले आहे ते नारद नावाच्या भिक्षूने. कोसंबीला सविट्ठ हा दुसरा भिक्षू त्याला विचारतो: श्रद्धा, आवड, परंपरा, विचार, पटलेले मत हे सगळे बाजूला ठेवून, भवाचा (पुनःपुन्हा होणाऱ्या अस्तित्वाचा) निरोध म्हणजे निर्वाण हे तू स्वतः जाणतोस का? म्हणजे चंकीसुत्तातलीच पाच अपुरी साधने वगळून केलेला प्रश्न. नारद हो म्हणतो. मग तू अर्हत आहेस, असे सविट्ठ म्हणताच तो सांगतो की नाही. वाळवंटातल्या वाटेवर विहीर आहे, दोर नाही, पोहरा नाही, तहानलेल्या वाटसरूला खाली पाणी दिसते, पण अंगाला लागत नाही, तशी माझी स्थिती आहे. स्वतःच्या ज्ञानाची पातळी इतक्या नेमकेपणाने सांगणे आणि त्याहून अधिक काही पदरात पाडून न घेणे, हे मला त्या सबंध संवादात सर्वांत मोलाचे वाटते.

प्रज्ञेला शीलाशी जोडल्याने एक सामाजिक परिणामही घडला. चंपेत गग्गरा तळ्याकाठी सोणदंड या प्रतिष्ठित ब्राह्मणाला बुद्ध विचारतात की ब्राह्मण कशाने होतो? तो पाच गोष्टी सांगतो: कुल, मंत्रविद्या, रूप, शील आणि प्रज्ञा. यांतले काय वगळता येईल असे विचारत गेल्यावर तो आधी रूप, मग मंत्र आणि शेवटी कुलही सोडतो. बरोबरचे ब्राह्मण अस्वस्थ होतात, तेव्हा तो आपल्या देखण्या, विद्वान, कुलीन भाच्याकडे बोट दाखवून विचारतो की हा अंगक जीव घेऊ लागला, चोरी करू लागला, तर त्याचे रूप, मंत्र आणि जन्म काय कामाचे? उरलेल्या दोहोंतले मात्र काहीच वगळता येत नाही, कारण हाताने हात धुवावा तशी शीलाने प्रज्ञा धुतली जाते आणि प्रज्ञेने शील. जन्माची अट गळून पडली की ज्ञानाची मक्तेदारीही टिकत नाही. धम्मदिन्ना भिक्षुणीने विशाख उपासकाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे ऐकून बुद्ध म्हणतात की ती महाप्रज्ञ आहे, मला विचारले असते तर मीही हेच सांगितले असते. आणि तिचे शब्द निकायात सुत्त म्हणून राहतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या धम्मग्रंथात नेमका हा धागा उचलला. विद्या सर्वांना खुली हवी, नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, प्रज्ञेला शीलाची जोड हवी, त्यापुढे करुणा आणि करुणेच्याही पुढे मैत्री, असा त्यांचा क्रम आहे. यात एक सूक्ष्म फरक आहे. सोणदंडसुत्तात शील नसलेली प्रज्ञा संभवतच नाही; बाबासाहेबांच्या मांडणीत ती संभवते, म्हणून शीलाचा लगाम लागतो. ज्या काळात शिक्षित वर्ग आपल्या शिक्षणाचाच शस्त्रासारखा वापर करताना त्यांनी पाहिला, त्या काळासाठी हा बदल मला समर्थनीय वाटतो. मात्र त्यांचे नाव घेऊन केवळ बुद्धिवादाचा पुरस्कार करणाऱ्यांनी या क्रमातली पहिलीच पायरी धरून ठेवली आहे, हेही म्हटले पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो असा की दुसऱ्याची प्रज्ञा ओळखायची कशी, कारण समाजाला रोज कोणाचे तरी ऐकावे लागते. सावत्थीच्या पूर्वारामात राजा पसेनदी बुद्धांजवळ बसला असताना जटिल (जटाधारी), निगंठ (जैन साधू), नग्न, एकवस्त्र आणि परिव्राजक अशा तपस्व्यांचे प्रत्येकी सात जण जवळून जातात. राजा उठून, गुडघा टेकून त्यांना नमस्कार करतो आणि म्हणतो की जगातल्या अर्हतांपैकी हे असावेत. बुद्ध म्हणतात की संसारात राहणाऱ्या तुम्हाला हे कळणे कठीण आहे. शील सहवासाने कळते, प्रामाणिकपणा व्यवहाराने, धैर्य संकटात आणि प्रज्ञा चर्चेने. तेही दीर्घकाळाने, लक्ष देणाऱ्याला आणि स्वतः प्रज्ञावान असणाऱ्याला. तेव्हा राजा कबूल करतो की ते त्याचेच हेर होते, मुलूख हेरून परतलेले. वीमंसकसुत्तात हीच परीक्षा तथागतांना, म्हणजे खुद्द बुद्धांनाही लावली आहे. दुसऱ्याचे मन वाचता न येणाऱ्या भिक्षूने डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल एवढ्यावरून गुरूला तपासावे, आणि त्याला प्रसिद्धी मिळाल्यानंतर त्याच्यात काही दोष दिसू लागले का हेही पाहावे, असे तिथे सांगितले आहे; कारण काही दोष नावलौकिक मिळेपर्यंत माणसात दिसतच नाहीत.